कुंदाची नोंदवही : खानापूर तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. भाताची शेतं, मध्येच काजूची झाडं, पलीकडे जंगल. आठवी-नववीच्या बहुतेक मुलांच्या घरी म्हैस आहे, काहींकडे संकरित गाय, आणि रानडुकरांवर भुंकायला दारात कुत्रं. ही मुलं धार काढतात, वैरण घालतात, व्यायला झालेल्या म्हशीजवळ रात्र जागतात. तरीही जनावर आजारी आहे हे घरात कळतं ते दूध आटल्यावर किंवा त्यानं चारा सोडल्यावर. तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात.

मी इथं विज्ञान शिकवतो. हृदय, रक्ताभिसरण, श्वसन ही प्रकरणं फळ्यावर आकृत्या काढून पार पडतात. जिवंत प्राण्याच्या नाडीवर बोट ठेवून कधी ठोके मोजलेत का, असं विचारलं तर वर्गात एकही हात वर होत नसे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर, बेळगावातल्या एक निवृत्त परिचारिका आणि आमची शाळा अशा तिघांनी मिळून यावर एक उपक्रम केला: शाळेत एक शांत कुत्री आणायची, मुलांनी तिला तपासायचं आणि मापं नोंदवहीत लिहायची. त्यातल्या एका गुरुवारची आणि त्यानंतरच्या महिन्याची हकिकत इथं सविस्तर लिहितो. त्या दिवशीचा निर्णय एका नोंदवहीच्या जोरावर झाला आणि ती नोंदवही मुलांच्या हातची होती.

कुत्री, पाट आणि अट

कुंदा ही सहा वर्षांची लॅब्रॅडॉर. खवा चांगला परतल्यावर जो रंग येतो तो तिचा रंग, म्हणून बेळगावच्या कुंदा या मिठाईवरून नाव पडलं. परिचारिकाबाईंना मुलं अक्का म्हणतात. शहरातल्या एका वृद्धाश्रमात आणि विशेष मुलांच्या शाळेत त्या कुंदाला नेत असत. थेरपी डॉग, म्हणजे आपल्या सहवासानं माणसांना दिलासा देणारा कुत्रा, हा शब्द आमच्याकडे नवा होता. पोलिसांचा वास घेणारा कुत्रा वेगळा, अंध माणसाला रस्ता दाखवणारा वेगळा. थेरपी डॉगला कसरती येत नसल्या तरी चालतं. अनोळखी माणसांत, गोंगाटात, हातातून ताट पडल्याच्या आवाजात त्याला शांत राहता यावं आणि माणसांचा सहवास त्याला मनापासून आवडावा, एवढी अपेक्षा असते. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये आपल्या जिंगल्स या कुत्र्याबद्दल लिहिताना कुत्रा उपचारात सहकारी होऊ शकतो असं मांडलं, आणि पुढं या कामाला वळण लागलं. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या संस्थेचे नियम अक्कांनी स्वतःला लावून घेतले होते. कुत्रा किमान एक वर्षाचा हवा, घरात निदान सहा महिने राहिलेला हवा, कच्च्या मांसावर वाढवलेला नसावा, आणि दिवसात दोन तासांपेक्षा जास्त काम करू नये. शाळेची मुलं, शाळेचा आवाज बघून अक्कांनी ते दोन तास पाऊण तासावर आणले.

डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली. मुलांनी कुंदाकडे पेशंट म्हणून बघायचं. "आणि पेशंटला नको म्हणायची सोय पाहिजे," ते म्हणाले. "माझ्याकडं येणारी म्हैस नको म्हणते तेव्हा लाथ मारते. ही लाथ मारणार नाही, सोसत राहील. म्हणून हिला आधीच सोय करून देऊ."

ती सोय म्हणजे एक जेवणाचा पाट. त्यावर घडी घातलेला टॉवेल. कुंदानं आपणहून त्यावर हनुवटी टेकवली की तपासणी सुरू, हनुवटी उचलली की सगळ्यांचे हात मागं. अक्कांनी हे तिला उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे देत देत शिकवलं होतं. मुलांनी त्याची घोषणाच केली: हनुवटी खाली, हात पुढं, हनुवटी वर, हात मागं. जगभर प्राण्यांचे डॉक्टर आणि प्रशिक्षक आता ही रीत वापरतात, त्यात आमचं काही नवं नव्हतं. मुलांच्या हातात मात्र ती पहिल्यांदाच आली होती. घरी जनावर धरायचं म्हणजे वेसण आवळायची, पाय बांधायचे, शिंगाला दोर घालायचा, एवढंच त्यांनी पाहिलेलं. पहिल्या दिवशी कुंदानं हनुवटी उचलली तेव्हा एका मुलानं तिची मान हळूच खाली दाबायचा प्रयत्न केला. त्यात कसली दुष्टाई नव्हती. त्याला दुसरी पद्धतच माहीत नव्हती.

लांबून बघणं

डॉक्टरांचा क्रम ठरलेला होता. आधी दहा पावलांवरून बघायचं. गाडीतून उतरताना चारही पाय सारखे टेकतात का, डोकं सरळ आहे का, शेपटी कशी आहे, कुशी किती वेळा वरखाली होते. मग अक्कांना विचारायचं: सकाळी काय खाल्लं, किती ठेवलं, शी कशी होती. हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलांना हा क्रम उलटा वाटायचा. कुत्री समोर आहे तर पळत जाऊन कुरवाळायचं सोडून लांब काय उभं राहायचं?

यात एका मुलीची गोष्ट आहे. ती आठवीत होती आणि दाराजवळच बसायची. लहानपणी तिला गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. जखमेत तिखट भरलं होतं, आणि सुया मिळाल्या त्या दुसऱ्या दिवशी. कुंदा कितीही शांत असली तरी तिच्या जवळ जायची तिची तयारी नव्हती आणि आम्ही तिला कधी आग्रह केला नाही. डॉक्टरांनी तिच्या हातात घड्याळ दिलं आणि श्वास मोजायचं काम तिच्याकडं सोपवलं. विश्रांतीतले श्वास मोजायचे तर कुत्र्याला कुणी हात लावलेला नसावा, कुणी हाक मारलेली नसावी. जवळ गेलेलं मूल कुंदाला जागं करतं, ती शेपटी हलवते, श्वास वाढतात आणि आकडा बिघडतो. दाराजवळून ते होत नसे. निरोगी मोठ्या कुत्र्याचे श्वास विश्रांतीत मिनिटाला १० ते ३० असतात. कुंदाचे १८ ते २२ च्या दरम्यान यायचे. काही आठवड्यांत त्या मुलीचे आकडे सगळ्यांत भरवशाचे ठरले. अक्का स्वतः मोजून बघत आणि दोघींचा आकडा जुळे.

बाकीची मापं इतर मुलं घेत. नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते, ती शोधायला नव्या मुलाला बराच वेळ लागतो आणि सापडली की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजे. मानेची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच जागेवर बसली पाहिजे, नाही तर अंगात पाणी कमी आहे. ताप डॉक्टर स्वतः गुदद्वारातून बघत आणि मुलं फक्त आकडा वाचत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यात ज्याला ताप म्हणतात तेच त्याचं साधं तापमान. नाक गरम आहे म्हणून ताप आहे, हा घरोघरचा समज तिथंच मोडला. महिन्यातून एकदा भाताच्या गिरणीतल्या काट्यावर वजन होई. २७ किलोच्या आसपास काटा थांबे.

हे सगळं आकडे बनून नोंदवहीत उतरायचं. नोंद मराठीत. दवाखान्यातल्या कंपाउंडरना वाचता यावी म्हणून डाव्या रकान्यात तेच शब्द कन्नडमध्येही लिहिलेले. आमची मुलं दोन्ही लिप्या शिकतातच, त्यामुळं हे काम त्यांनी हौसेनं केलं. पहिल्या पानावर तीन ओळी ठळक होत्या: ताप १०३ च्या वर असेल तर थांबायचं. निम्म्याहून कमी खाल्लं असेल तर थांबायचं. हनुवटी लागोपाठ तीनदा उचलली तर थांबायचं. या ओळी आम्ही सुरुवातीलाच, कुणालाच कसली घाई नसताना लिहिल्या होत्या.

रेबीजचा तास

थेरपी डॉग शाळेत आणण्यात खरा धोका कुठला, असं कुणी विचारलं तर मी चावण्याचं नाव घेणार नाही. कुंदाबरोबर अक्का असतात, डॉक्टर असतात, नियम असतात. धोका हा की पाऊण तास शांत कुत्रीजवळ बसलेलं मूल घरी जाताना रस्त्यातल्या अनोळखी कुत्र्याकडं हात पुढं करेल. म्हणून कुंदाला हात लावायच्या आधीच रेबीजचा तास झाला आणि तो पुन्हा पुन्हा होत राहिला.

मुलांना माहीत नसलेल्या गोष्टी खूप होत्या. लक्षणं दिसू लागली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतात होतात. कुत्र्याच्या दातापुरता हा रोग नाही. मांजर, माकड, कोल्हा यांच्या लाळेतूनही तो येतो, आणि जखमेवर नुसतं चाटल्यानंही येऊ शकतो. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. तिखट, चुना, हळद, तंबाखू काही लावायचं नाही. धुतल्यावर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. कातडीत देण्याच्या लशीचं वेळापत्रक पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ असं आहे. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत आणि भोवती द्यायचं वेगळं औषधही लागतं, नुसत्या लशीवर भागत नाही. चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली, हे ऐकून मुलं गप्प झाली. तो मुलगा वयानं त्यांच्याहून लहान होता. कर्नाटकानं २०२२ मध्ये रेबीजची नोंद देणं दवाखान्यांना सक्तीचं केलं, हेही सांगितलं.

पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे मुलांना सांगून पटत नाही. डॉक्टरांनी शाळेच्या नळावर एकाला हात धुवायला लावलं आणि बाकीच्यांनी घड्याळ धरलं. तिसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "बास की सर, झालं." माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी प्रात्यक्षिक हेच होतं. पुढं एका मुलीच्या धाकट्या भावाला मांजरानं ओरबाडलं तेव्हा तिनं आजीच्या हातातली हळद बाजूला ठेवायला लावली आणि भावाला नळाखाली बसवलं.

तो गुरुवार

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. पाऊस ओसरला होता आणि ऊन तापू लागलं होतं. उपक्रम बघायला तालुक्यावरून आणि बाहेरून पाहुणे येणार होते. व्हरांडा सारवला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, बालुशाहीही आणली होती.

अक्कांची गाडी आली. कुंदा उतरली, शेपटी हलली. मुलीनं घड्याळ धरलं आणि थोड्या वेळानं माझ्याकडं आली.

"सर, चव्वेचाळीस येऊलाय. परत मोजलं, तेवढंच येऊलाय."

अक्का म्हणाल्या, प्रवास झालाय, ऊन आहे, माणसं जास्त आहेत, उत्साहानं होत असेल. हे अगदी शक्य होतं. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. डॉक्टरांनी सावलीत वीस मिनिटं बसवून पुन्हा मोजायला सांगितलं. आकडा ४२ आला. तोंड मात्र मिटलेलं होतं. गरम होतंय म्हणून धापा टाकणारं कुत्रं तोंड उघडून जीभ बाहेर काढतं, इथं तोंड मिटून श्वास जलद होता. हा फरक त्या मुलीनं आपणहून सांगितला.

मग नववीतल्या दुसऱ्या मुलीनं ओठ वर करून बघितलं. "सर, हिच्या हिरड्या गुलाबी न्हाईत आज. बघा की." कुंदानं पाटावर हनुवटी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली, तिसऱ्यांदा उचलून भिंतीकडं तोंड करून बसली. नाडी नेहमी नव्वदच्या आसपास असे, ती १२८ लागली. थर्मामीटर १०३.९. अक्कांनी सांगितलं की सकाळचा अंडं-भात तिनं अर्ध्याहून जास्त ठेवला होता.

पहिल्या पानावरच्या तिन्ही ओळी एकाच दिवशी भरल्या होत्या.

पाहुणे पोचले होते. पर्याय तीन होते: कुंदाला नुसतं बसवून ठेवावं आणि मुलांनी जुन्या मापांवर बोलावं, पाच-दहा मिनिटं हलक्या हातानं दाखवून घ्यावं, किंवा तिला लगेच परत न्यावं. पहिला पर्याय सगळ्यांना सोयीचा होता आणि त्यात तिला हातही लागणार नव्हता. पाहुण्यांपैकी एकानं म्हटलंही, "एवढ्या लांबून आलोय, थोडा वेळ बसली तर काय होतंय? शेपटी तर हलवूलीय." ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. शेपटी हलते म्हणजे कुत्रं ठीक आहे, असं आपण सगळेच समजत आलो आहोत. लॅब्रॅडॉर माणसं दिसली की अंगात ताप असतानाही शेपटी हलवतं. ज्या स्वभावामुळं हा कुत्रा थेरपीच्या कामाला निवडला जातो, तोच स्वभाव त्याचं दुखणं झाकतो. या कामात उतरणाऱ्या प्रत्येकानं हे पक्कं ध्यानात ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं.

मी मुलांकडं बघितलं. त्यांच्यात चर्चा झालीच नाही. नोंदवही ज्याच्याकडं असे त्यानं पहिलं पान उघडून डॉक्टरांपुढं धरलं. डॉक्टरांनी सही केली, अक्कांनी कुंदाला गाडीत बसवलं आणि ते दोघं तिला घेऊन दवाखान्याकडं निघाले.

पाहुण्यांपुढं मग नोंदवही ठेवली गेली. दाराजवळ बसणारी मुलगी उभी राहिली आणि तिनं आधीच्या आठवड्यांचे आकडे वाचले, मग त्या दिवसाचे. काहीजण लगेच उठून गेले. दोघेजण थांबले आणि त्यांनी तिला खूप प्रश्न विचारले.

गोचीड

रक्त पुढच्या पायाच्या शिरेतून घेतलं आणि बेळगावच्या लॅबला पाठवलं. कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. कुंदाच्या ६२ हजार होत्या. झटपट चाचणीत एर्लिचिया आढळला. हा गोचिडीतून येणारा जिवाणू पांढऱ्या पेशींमध्ये राहतो. वेळेवर उपचार झाला तर कुत्रा बहुधा बरा होतो. पहिला टप्पा अंगावर काढला गेला, तर काही कुत्र्यांत आजार महिनोन्महिने, वर्षानुवर्षं दडून राहतो आणि शेवटी अस्थिमज्जेवर येतो, नाकातून रक्त येतं.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठ ते वीस दिवस जातात, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलं नोंदवही मागं चाळू लागली. दोन आठवड्यांपूर्वीच्या पानावर कातडीच्या रकान्यात एका मुलाच्या अक्षरात नोंद सापडली: डाव्या कानामागं एक गोचीड, काढली. तेव्हा त्या नोंदीचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

मुलांनी गृहीत धरलं की गोचीड आमच्या जंगलातली. डॉक्टरांनी हा अंदाज दुरुस्त केला. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड जंगलापेक्षा घराच्या आसऱ्यानं राहते. भिंतीच्या फटीत, दारामागं, कुत्रं झोपतं त्या पोत्याखाली. एक मादी हजारांनी अंडी घालते, म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, जागाही साफ करावी लागते. अक्कांच्या घराच्या कुंपणाला लागून गल्लीतली कुत्री झोपत, तिथूनच ती आली असण्याची शक्यता जास्त होती.

एका मुलानं विचारलं, हा माकडताप आहे का? आमच्या भागात हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. १९५७ मध्ये शिवमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा रोग गेल्या दशकात पलीकडं गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला आहे, आणि आमची माणसं काजूच्या कामाला त्याच पट्ट्यात जातात. माकडताप विषाणूमुळं होतो, त्याची गोचीड वेगळी, आणि कुंदाचा आजार वेगळा. कुंदाला जवळ घेतल्यानं कुणाला तो होणार नव्हता. गोचीड काढायची रीत मात्र दोन्हीकडं एकच. चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायची, सरळ ओढायची, बोटांत चिरडायची नाही, काडेपेटीनं जाळायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. काढली की साबणाच्या पाण्यात टाकायची आणि हात धुवायचे.

अठ्ठावीस दिवस

डॉक्सिसायक्लिन २८ दिवस. मात्रा किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे २७ किलोला २७०. हा गुणाकार मुलांनी केला आणि डॉक्टरांनी तो मिळणाऱ्या गोळ्यांच्या मापात बसवला. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, म्हणून खाण्याबरोबर. माणसाची तापाची गोळी कुत्र्याला किंवा मांजराला घरच्या घरी देऊ नये, हे याच निमित्तानं सांगितलं गेलं. पॅरासिटामॉल मांजरासाठी जीवघेणं ठरतं आणि बऱ्याच घरांत ते प्रेमानंच दिलं जातं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कुंदा खाऊ लागली, उड्या मारू लागली. अक्का फोनवर सांगत, आणि मुलं विचारत, मग आणूया की आता. डॉक्टर नाही म्हणाले. गोळ्या पुऱ्या व्हायच्या होत्या आणि रक्त पुन्हा तपासायचं होतं. मला वाटतं, कुंदानं या वर्गाला दिलेला सर्वांत मोठा धडा तिच्या गैरहजेरीतला आहे. बरं दिसणं आणि बरं होणं यात किती दिवसांचं अंतर असतं, हे त्यांनी रिकाम्या पाटाकडं बघत अनुभवलं.

त्या रिकाम्या गुरुवारी आम्ही नोंदवही घरी नेली. प्रत्येकानं आपल्या गोठ्यातलं एक जनावर निवडायचं. म्हशीची, गाईची नाडी शेपटीच्या मुळाजवळ खालच्या बाजूनं लागते. डाव्या कुशीत मूठ टेकवून धरली की पोटाची हालचाल हाताला कळते, निरोगी जनावरात मिनिटाला एक-दोनदा. रवंथ चालू आहे का ते लांबूनच दिसतं. दाराजवळ बसणाऱ्या मुलीला म्हशीची भीती कधीच नव्हती, तिची वही सगळ्यांत आधी भरली.

नववीतल्या एका मुलानं घरच्या संकरित गाईच्या खांद्यापुढं गाठ आलेली पाहिली. गाय खात होती, दूधही फारसं कमी नव्हतं, पण श्वास त्याच्या वहीतल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा जास्त होते आणि कासेजवळ गोचिडी होत्या. वडील म्हणाले, बघू दोन दिवस. मुलानं वही दाखवली आणि १९६२ या जनावरांच्या मदतीच्या नंबरला फोन लावून घेतला. पशुसंजीविनीची, म्हणजे फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याची, गाडी दुसऱ्या दिवशी आली. ताप १०५ होता. थायलेरिया. हाही गोचिडीतून येणारा आजार, जात वेगळी, जीव वेगळा. संकरित जनावरांना तो जास्त जोरात होतो आणि उशीर झाला तर जनावर जातं. इंजेक्शन वेळेत मिळालं, गाय वाचली. मुलाचे वडील नंतर शाळेत आले, ती वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात आमच्या शेळ्यांसाठी पण एक पान घाला की सर."

काही आक्षेप, आणि एक चौकशी

शाळेत कुत्रं कशाला, असं विचारणारे पालक होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एका मुलाला दम्याचा त्रास होता, त्यानं मोकळ्या मैदानात लांबून नोंदी घेतल्या. काही घरांत कुत्र्याला शिवलेलं चालत नाही, त्या मुलांवर हात लावायची सक्ती नव्हती. हात धुतल्याशिवाय वर्गात परत जायचं नाही हा नियम अक्कांनी एकदाही सैल होऊ दिला नाही. कुंदाचं दर वर्षीचं रेबीजचं इंजेक्शन, नाइन-इन-वन ही अनेक रोगांवरची एकत्रित लस, तीन महिन्यांनी जंताचं औषध, या सगळ्याचं कार्ड शाळेत लावलेलं होतं. हे कार्ड नसेल तर कुणीही शाळेत कुत्रं आणू नये.

मुलांची चौकशी वेगळीच होती: आपल्या बाजूचा मुधोळ कुत्रा का नाही? बागलकोट जिल्ह्यातली ही जात मुधोळच्या घोरपडे राजांनी, विशेषतः मालोजीरावांनी जोपासली, २००५ मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, लष्करानंही ती घेतली. मुलांना तिचा अभिमान आहे आणि तो असावाच. डॉक्टर म्हणाले, पळणारं दिसलं की मागं धावायचं यासाठी घडवलेलं कुत्रं ते. मधल्या सुट्टीत मैदानभर धावणाऱ्या पोरांमध्ये त्याला पाटावर हनुवटी ठेवायला सांगणं हा त्याच्यावरच अन्याय होईल.

या मुलांपैकी किती जनावरांचे डॉक्टर होतील ते सांगता येत नाही. ज्यांनी विचारलं त्यांना वाट सांगितली आहे: बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, कर्नाटकातल्या जागांसाठी केसीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी नीट, बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाखालची कॉलेजं, एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. दहावीनंतर पशुसंगोपनाचा डिप्लोमाही आहे आणि गावाला त्याचीही गरज तेवढीच आहे.

कुंदाचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा प्लेटलेट दोन लाखांच्या वर गेल्या होत्या. ती परत आली, आता महिन्यातून दोनदाच येते आणि अर्धा तास थांबते. नोंदवहीत चौथी ओळ वाढली आहे: अंगावर गोचीड सापडली तर पुढचे तीन आठवडे दर दोन दिवसांनी घरी ताप बघायचा आणि आकडा शाळेला कळवायचा. ही ओळ मुलांनी सुचवली. कुंदा सात वर्षांची होत आली आहे, तेव्हा तिच्या जागेवर कोण याचा विचार सुरू आहे. गावातल्या दोन पाळीव कुत्र्यांना डॉक्टरांनी बघितलं. एक शाळेच्या घंटेला दचकतं, त्याला सोडून दिलं. दुसरी गावठी कुत्री आहे, दोन वर्षांची, माणसांत रमणारी. पण तिला अजून नाइन-इन-वनचा दुसरा डोस द्यायचा आहे आणि पाट तिनं फक्त वास घेऊन बघितला आहे.